गंगेवरचं पोर्ट्रेट: बॅकग्राउंड उडवायचं की पाय हलवायचे?

गोदाकाठी: "गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदाघाटावर, मागे कचराच येतो, लेन्सचं छिद्र एफ १.८ इतकं मोठं उघडून मागचं ब्लर करा, उरलेलं एआयने पुसा." सिडकोकरांच्या कालच्या पोस्टमधला हा सल्ला वाचून डोकं फिरलं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ एमएम लेन्स, माणूस २ मीटरवर, एफ १.८: शार्प पट्टा जेमतेम ६ सेंटिमीटर. मान वळली की एकच डोळा शार्प. मागची निळी ताडपत्री जात नाही, विरघळून आणखी पसरते. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब ब्लर झाला तरी डोक्यातूनच उगवतो. एक पाऊल बाजूला सरका, सुटतो. नाहीतर माणूस पायरीवर बसवा, आपण चार पायऱ्या वर. मागे नुसता काळा दगड.

सिडकोकर: आणि कपाळ मोठं, हनुवटी गायब. ते सोयीस्कर विसरलात.

गोदाकाठी: ३५ एमएमची वाइड लेन्स घेऊन अंगावर गेलात तर होणारच. मागे जा, ८५ लावा, चेहरा वर करायला सांगा. डोळ्यांत आभाळाचा उजेडही येतो.

तर्रीबाज: खरं दुखणं फ्लेक्स! दीपमाळेमागेही भावी नगरसेवक हसतोय. फेस डिटेक्शन नवरीला सोडून त्यालाच पकडतं. फोकस सिंगल पॉइंट ठेवा, डोळ्यावर.

सिडकोकर: म्हणूनच पुसा म्हणतोय ना!

गोदाकाठी: पुसा. मग पायरीची रेघ डोक्याच्या डावीकडे वर, उजवीकडे खाली. देवळाच्या नक्षीचा तर लगदा.

सिडकोकर: ४०० फोटोंच्या अल्बममध्ये कोण झूम करून बघतंय?

तर्रीबाज: नवरीची मावशी.

सावलीवाला: फ्लेक्सवरून किती भांडाल? मंडपाच्या सावलीत शटर १/२००, छिद्र बारीक म्हणजे एफ ८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००. फ्लॅश चेहऱ्यापासून १ मीटर, बाजूने. फ्लॅशपासून ४ मीटरवरच्या भिंतीला सोळावा हिस्सा उजेड पोचतो. बॅकग्राउंड आपोआप बुडतं.

सिडकोकर: एफ ८ ला? मागचं सगळं स्पष्ट येईल की!

सावलीवाला: स्पष्ट, पण अंधारात. मागे ऊन असेल तर मात्र जमणार नाही, हे कबूल. आणि माणूस भिंतीला चिकटवून उभा करू नका. मग काहीच चालत नाही, तुमचं १.८ सुद्धा.

सिडकोकर: बरं बाबा, खांबापुरतं पाऊल सरकवतो. फ्लेक्स मात्र पुसणारच.

तर्रीबाज: तो तेवढा पुसाच. दंडवत!