मदत हवी आहे: क्रेटाची १६ इंची चाकं काढून १८ बसवू का?

विक्रोळीकर:

मंडळी, नमस्कार. डोकं पार भंजाळलंय, म्हणून धागा काढतोय.

गाडी ह्युंदाई क्रेटा, २०२० ची, पेट्रोल, मधलं व्हेरिएंट. कंपनीची १६ इंची अलॉय, टायर २०५/६५ आर १६. ५४ हजार किमी झालेत, टायर अजून मूळचेच. गेल्या पावसात घोडबंदर रोडला पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. पुढचं डावं चाक असं आपटलं की मागच्या सीटवरून आई "अरे देवा" म्हणाली आणि घर येईपर्यंत पुढे एक शब्द बोलली नाही. रिम आतल्या बाजूने वाकलं. ठोकून सरळ करून घेतलं, पण चार-पाच दिवसांत हवा ३३ वरून २६ वर येते. शिवाय त्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय.

म्हणजे चारही टायर घ्यायचेच आहेत. मग म्हटलं रिमही बदलून टाकू. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन दुकानं फिरलो. पहिल्याने १८ इंची काळी अलॉय दाखवली, ७.५ इंच रुंद, वर २३५/५५ टायर. म्हणे, "बसतंय साहेब, डोळे झाकून घ्या." दुसरा म्हणाला १७ च्या वर जाऊच नका. मुलगा दहावीला आहे, त्याने १८ च्या चाकांचा फोटो स्वतःच्या मोबाइलच्या वॉलपेपरला लावलासुद्धा.

वापर असा: रोज विक्रोळी ते बीकेसी. वर्षातून दोनदा देवगड, त्यातली गणपतीची फेरी म्हणजे पाच माणसं आणि डिकी गच्च. आईला मणक्याचा त्रास आहे. बजेट सगळं मिळून ७० हजार.

१८ खरंच बसतील का? आरटीओची काही भानगड होईल का?

चाकोरी:

आधी एक काम करा. उद्या सकाळी तो फुगा आलेला टायर काढा आणि स्टेपनी लावा. फुगा आला याचा अर्थ साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आतले दोरे तुटलेत आणि हवा आता नुसत्या रबरावर अडली आहे. त्याला ठिगळ नाही, दुरुस्ती नाही. हायवेवर तर तो टायर नेऊच नका. अलॉयचा काय तो विचार नंतर निवांत करा.

सातरस्ता:

चाकोरींना अनुमोदन. आता मापाचं बोलू, या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत.

गणित सोपं आहे. मापातला पहिला आकडा मिमीमध्ये रुंदी, तिरप्या रेघेनंतरचा टक्के. रुंदीचे तितके टक्के म्हणजे साइडवॉलची उंची. ती दुप्पट करा आणि रिमचे इंच मिलिमीटरमध्ये करून त्यात मिळवा. तुमचा २०५/६५ आर १६: साइडवॉल १३३, पूर्ण व्यास ६७३ मिमी. दुकानदाराचा २३५/५५ आर १८: व्यास ७१६. म्हणजे ४३ मिमी मोठा, सहा टक्क्यांहून जास्त. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८५ ला पोचलेली असेल. मीटर मुळात थोडा पुढेच दाखवतात, पण सहा टक्के त्यात पचत नाहीत. सर्वसाधारणपणे तीन टक्क्यांच्या आत राहायचं.

आता क्रेटाच्याच वरच्या व्हेरिएंटला कंपनी जे माप देते ते बघा: २१५/६० आर १७. साइडवॉल १२९, व्यास ६९०. अडीच टक्के मोठा, गाडी साडेआठ मिमी उचलली जाते, आणि साइडवॉल फक्त ४ मिमीने कमी होते. माझ्या मते सगळी गोम या ४ मिमीत आहे. १८ मध्ये व्यास आवरायचा तर २२५/५० घ्यावा लागतो, तिथे साइडवॉल ११२ उरते, वीस मिमीहून जास्त गेली. आपल्या रस्त्यांवर रिम वाचवतं ते हेच रबर. दुकानदाराने साइडवॉल राखली पण चाक वाढवून ठेवलं. १८ मध्ये दोन्ही एकदम जमत नाही.

आणि ७.५ इंच रुंद रिम! त्याचा ईटी विचारलात का? रिमची मधली रेषा आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारा भाग यांतलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ऑफसेट, ते ईटी म्हणून स्पोकच्या मागे कोरलेलं असतं. आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर. तुमचं जुनं रिम समजा ६ इंच रुंद आहे आणि नव्याचा ईटी १० ने कमी आहे. दीड इंच जादा रुंदीपैकी अर्धी बाहेर, म्हणजे १९ मिमी, त्यात ते १०. कड २९ मिमी बाहेर आली. भरल्या गाडीत मागचं सस्पेन्शन बसलं की मडगार्डची कड टायरला खरवडणार. आतल्या बाजूलाही ९ मिमी सरकतंय, म्हणजे स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर फेंडर लायनरला (मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला) घासायची शक्यता. दुकानात उभी गाडी बघून हे कळत नाही. पाच माणसं बसवा, स्टीअरिंग दोन्हीकडे टोकाला न्या, मग बघा.

मालवणी_मसाला:

आमच्या मेव्हण्याने असाच हट्ट केला होता, गाडी वेगळी पण गोष्ट तीच. पहिल्या गणपतीला हातखंब्याच्या अलीकडे एक रिम, शिमग्याला दुसरं. आता त्याची जुनी १६ ची चाकं परत गाडीवर आणि १८ ची माळ्यावर. बायको रोज विचारते ती कधी विकणार.

बाकी देवगडला कधी जाताय? हापूसच्या वेळी असेल तर डिकीत पेट्यांचं वजनही धरा. मस्करी नाही, वजनाचा आकडा टायरवर लिहिलेला असतो.

सातरस्ता:

मालवणी, बरोब्बर. मापाच्या पुढे ९५एच असं काहीतरी असतं. ९५ म्हणजे एका टायरची क्षमता ६९० किलो, एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत. ९१ असेल तर ६१५ किलोच. गाडीवर आहे त्यापेक्षा हा आकडा खाली नेऊ नका, टायर कितीही छान दिसू दे.

वकीलीण_मुलुंड:

आरटीओची भानगड विचारलीत म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. केवळ अलॉय घातले म्हणून रोज कुणाला पकडत नाहीत हे मलाही दिसतं. पण मडगार्डबाहेर आलेली चाकं लांबूनही दिसतात. त्याच मॉडेलला कंपनी जे माप देते त्यात राहिलात तर वाद घालायला तुमच्या हातात पुस्तिका असते.

विम्याकडे जास्त लक्ष द्या. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. गाडीचं इतर नुकसानही त्याच वेळी झालं तरच टायरचे पैसे, तेही निम्मे. आणि बाहेरून घातलेली अलॉय कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवली नसतील तर त्यांच्यावर दावा सांगणं अवघड.

पझलपार्किंग:

विक्रोळीकर, बिल्डिंगमध्ये स्टॅक पार्किंग, गाड्या एकावर एक ठेवायचं, आहे का? कुणीच विचारलं नाही म्हणून. आमच्याकडे गाडी चढवायच्या पॅलेटच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड आहे. कंपनीच्या चाकांना दोन्हीकडे जेमतेम चार बोटं जागा उरते. एकाने रुंद चाकं घातली, पहिल्या आठवड्यात चारही रिमच्या कडा कुत्र्याने चावल्यासारख्या. टायर रिमच्या बाहेर थोडा फुगलेला असला तर घासणं रबरावर जातं, ताणून बसवलेला असला तर थेट अलॉयवर.

विक्रोळीकर:

आहे ना! पुनर्विकासातली बिल्डिंग, तीन मजली स्टॅक. काल रात्री टेप घेऊन मोजलं. डाव्या बाजूला ४५ मिमी, उजवीकडे ५५. वॉचमन बघत होता, त्याला वाटलं मी सोसायटीवर केस टाकतोय. २९ मिमी बाहेर काढून रोज रात्री अकरा वाजता तिथे गाडी लावणं माझ्याच्याने होणार नाही. १८ बाद.

स्टेपनी लावली आहे. आता १७ की १६ च ठेवू?

चाकोरी:

प्रामाणिकपणे सांगू? १६ ठेवा, एक रिम घ्या, उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्या. दिसायला काही फरक नाही, पण गाडीत बसणाऱ्याला आधी टायर जाणवतो, रिम नंतर. पावसाळ्यात अरुंद टायर पाणीही जास्त चांगलं कापतो, रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगायला लागतो. हिंदमाता किंवा गांधी मार्केटला पाणी भरतं तेव्हाचं म्हणत नाही, तिथे कुणीच जाऊ नये. हायवेवरच्या पातळ थराबद्दल म्हणतोय.

सातरस्ता:

तेही खरंच. पण एका रिमच्या जागी एक जुनं आणायचं, उरलेल्या तिघांनीही तोच खड्डेमय प्रवास केलाय. चारही मशीनवर फिरवून बघा, आणखी एखादं लडबडत असेल तर १७ चा विचार करायला हरकत नाही.

१७ घ्यायची तर नवी बाजारू घेण्यापेक्षा कंपनीची काढलेली चाकं शोधा. हौशी लोक नवी गाडी शोरूममधून थेट अलॉयच्या दुकानात नेतात आणि मूळची चाकं तिथेच सोडतात. क्रेटाच्या वरच्या व्हेरिएंटची किंवा किआ सेल्टोसची, दोन्ही चालतील: पाच नट, पीसीडी (नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) ११४.३ मिमी, मधलं भोक ६७.१. हे भोक महत्त्वाचं. ब्रेझाचंही पीसीडी ११४.३ आहे, पण भोक ६०.१, ते तुमच्या हबवर चढणारच नाही. होंडाचं ६४.१. बाजारातली अलॉय बहुतेक ७३.१ ची असतात, म्हणजे कुठल्याही हबवर चढतात आणि कशावरच घट्ट बसत नाहीत. ती घेतलीत तर मधली फट भरणारी ७३.१ ते ६७.१ ची हब रिंग हवीच, नाहीतर ऐंशी-नव्वदला स्टीअरिंग थरथरतं आणि दुकानदार चार वेळा बॅलन्सिंग करून देतो. स्पेसर (चाक आणि हबमध्ये घालायची चकती) लावतो म्हणाला तर दुकानातून उठा.

काढलेल्या चाकांत एकच धोका, वेल्डिंग. टायर उतरवून रिमची आतली बाजू बघा. रंग एका जागी ताजा आणि जाड दिसला, किंवा बोटाला वळ लागला, तर तडा भरलेला आहे. घेऊ नका, निम्म्या भावातही नको.

विक्रोळीकर:

चारही फिरवली. वाकलेलं सोडून आणखी एक लडबडतंय, मागचं उजवं. म्हणजे दोन गेली.

शनिवारी परत कुर्ला. पहिला सेट "एकदम कोरा" होता. टायर उतरवायला सांगितलं तर तो म्हणाला त्याचे वेगळे पैसे पडतील. दिले. तिसऱ्या रिमच्या आत बोटभर लांब जाडसर वळ, वर चंदेरी रंग. मी काही बोललो नाही, तोही नाही. चहा आला होता तो पिऊन निघालो.

दुसऱ्या ठिकाणी सेल्टोसची १७ ची चार मिळाली. चारही मशीनवर फिरवून पाहिली, सरळ आहेत. टायर नवे, २१५/६० आर १७ ९६एच. साइडवॉलवरच्या लंबगोलात शेवटचे चार आकडे बघितले, पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीन टायर सारख्या तारखेचे निघाले, चौथा वर्षभर जुना. बदलून मागितला, कुरकुरत दिला. सगळं मिळून ६८ मध्ये झालं, जुन्या तीन टायरचे त्याने काहीच दिले नाहीत.

दोन प्रश्न राहिले. स्टेपनी १६ चीच आहे, चालेल का? आणि हवा किती?

सातरस्ता:

स्टेपनीची काळजी नको, १७ वाल्या क्रेटालाही कंपनी १६ चीच स्टीलची स्टेपनी देते. पंक्चर काढेपर्यंत, सावकाश. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. पाच जण आणि सामान असेल त्याचा आकडा त्याच स्टिकरवर वेगळा असतो. गणपतीला निघायच्या आदल्या रात्री भरा, पेट्रोल पंपावर तापलेल्या टायरात मोजू नका.

नट जुनेच वापरलेत ना? ह्युंदाईचे १२ बाय १.५ चे असतात, मारुतीचे १२ बाय १.२५ चे. दुकानात डबा एकच असतो. आणि पाना मारणारा पोऱ्या हवेच्या गनने आवळतो, त्यावर जाऊ नका. आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने ११ ते १३ किलोग्रॅम-मीटर, एक सोडून एक असे आवळायचे. ५०-१०० किमी झाल्यावर पुन्हा.

विक्रोळीकर:

नट माझेच, हाताने पहिले दोन आटे फिरवूनच पुढे गेलो. काल ॲलाइनमेंट करून घेतलं. ७० किमी झाल्यावर नट पुन्हा बघितले, तर पुढच्या उजव्याचे दोन पाव फेरी फिरले. सातरस्ता, चहा लागू.

आईला आज विक्रोळी ते दादर नेलं. विचारलं कसं वाटतंय, तर म्हणाली, "काय बदललंस?" पार्किंगला डावीकडे अजून बऱ्यापैकी जागा राहते.

मुलाचं मात्र बिनसलंय. चाकांच्या मधल्या टोप्यांवर किआ लिहिलंय आणि गाडी ह्युंदाई. वर्गातल्या पोरांनी गेटवर बघितलं म्हणे. ६७.१ च्या रिमला बसतील अशा ह्युंदाईच्या टोप्या कुणाकडे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.