ब्रश फॉन्ट आला, आता पेंटर कशाला?

परळकर: परवा इथेच एकाने लिहिलं की जाड ब्रशचा देवनागरी फॉन्ट टाकला की हाताने काढल्यासारखंच दिसतं, मग पेंटर कशाला. डोकंच फिरलं. आमच्या मंडळाच्या बॅनरवर 'लालबाग' असल्याच फॉन्टात आहे. जवळ जाऊन बघा, दोन्ही 'ल'वर सुक्या ब्रशचे फराटे अगदी त्याच जागी. हाताने काढणारा दुसरा ल तसाच काढेल होय? शेजारी काना आला की तो पोट जरा आवरतं घेतो, जागा उरली की शेपूट सोडतो. कमल शेडग्यांनी नाटकांची नावं काढली, प्रत्येकाचा बाज वेगळा. हे म्हणजे हातकामाचा नुसता आव.

कीबोर्डवाला: शेडगे रोजच्या बॅनरला येणार होते का? फराटे सारखे आले हा फॉन्ट करणाऱ्याचा आळस. ओपनटाइप नावाच्या फॉन्ट-फॉरमॅटमध्ये एका अक्षराची दोन-तीन रूपं ठेवता येतात, शेजारचं अक्षर बघून आपोआप बदलतात. पण जोडाक्षरं धरून देवनागरीत आधीच शेकडो आकार, त्यात प्रत्येकाचे तीन काढायचे तर मेहनत आहे, आणि तुम्ही लोक पायरेटेड वापरणार. 'यात्रा वन' हा फॉन्ट बघा, मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरूनच सुचलाय आणि फुकट आहे.

शुद्धलेखन_काकू: फराटे गेले खड्ड्यात, तो ल उभ्या दांडीचा, हिंदीचा आहे हे एकालाही दिसलं नाही?? 2009 च्या शासन निर्णयात मराठी ल आणि श ठरवून दिलेत.

कीबोर्डवाला: काकू, बऱ्याच फॉन्टांत दोन्ही ल असतात. सॉफ्टवेअरमध्ये भाषा हिंदीवर ठेवली तर फॉन्ट काय करणार.

शुद्धलेखन_काकू: नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेला मी डीटीपीवाल्याच्या डोक्यावर बसून सांगितलं होतं. तरी छापून आलं तेच, वर म्हणतो काकू कोण बघतंय. सगळ्या पत्रिका परत छापल्या, माझ्या पैशाने.

दुकानदार_दादर: तुमचं ल-पुराण चालू द्या. 2023 ला सुप्रीम कोर्टाने मराठी पाट्यांना दोन महिने दिले तेव्हा मी पेंटरच शोधला होता, हौसेने. ॲडव्हान्स घेतला आणि फोन बंद. शेवटी फ्लेक्स, सकाळी फाइल दिली संध्याकाळी पाटी वर. तुमच्या कलेपायी दंड भरत बसू?

परळकर: एकाने बुडवलं म्हणून सगळे चोर, वा! पत्र्यावर ऑइल पेंटने काढलेली पाटी वर्षानुवर्षं टिकते, तुमचा फ्लेक्स उन्हाने विटला की परत खर्च.

दुकानदार_दादर: मग द्या ना नंबर, नुसतं लेक्चर काय देता. पैसे काम झाल्यावर.

परळकर: आहे एक, मेसेज करतो. रंगाचे पैसे आधी लागतील, आणि अर्जंट म्हणालात तर तो यायचा नाही. बाकी कीबोर्डवाले, तुमचा तो तीन-तीन ल वाला फॉन्ट खरंच कुणी केला तर मंडळाला लावू, जा.

शुद्धलेखन_काकू: तिन्ही मराठी असले तर.