बाबांचा वरचा जबडा: पायाचं हाड की गालाच्या हाडातले इम्प्लांट?

साखळीकर:
नमस्कार मंडळी. बाबा ६४ वर्षांचे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविड आणि पाठोपाठ म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी, त्यात उजवीकडचा वरचा जबडा टाळूसकट काढावा लागला. जीव वाचला, पण टाळूला भोक राहिलं. ऑब्ट्युरेटर लावतात, म्हणजे वर गोळा असलेली ती कवळी, पण ती सैल झालीय, पेज प्यायला बसले की नाकातून येते, लग्नाकार्यात तर आता पंगतीलाच बसत नाहीत आणि फोनवर बोललेलं फक्त आईला कळतं. एक डॉक्टर म्हणतात पायाचं हाड काढून जबडा करू, दुसरे म्हणतात एवढं कशाला, गालाच्या हाडात लांब इम्प्लांट, म्हणजे स्क्रू, घालून त्यावर दात बसवू. शुगर आहे. कोणाच्या घरी झालंय का असं काही?

पेडण्याची सून:
आमच्या ह्यांचं झालंय, म्युकर नव्हतं, गाठ होती. पायाचंच हाड घेतलं. ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते रात्रीपर्यंत, पहिले दोन-तीन दिवस तर नर्स तासातासाला टॉर्च मारून तोंडात जोडलेल्या पायाच्या कातडीचा रंग बघायची, काळपट पडली की परत थिएटरात नेतात म्हणे. नाकातून नळी, तोंडाने काही नाही. पाय बरेच दिवस दुखला, पण आता चालतात नीट, चतुर्थीला गणपतीवरची फळा-फुलांची माटोळीही स्वतः बांधली. दात मात्र लगेच नाही हं, आमचे पुढच्या वर्षी बसले.

दातवाला_फोंडा:
दोन्ही डॉक्टर दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत असं वाटतं. फिब्युला म्हणजे नडगीशेजारचं बारीक हाड, ते रक्तवाहिनी आणि कातडीसकट काढतात, तुकडे करून जबड्याचा आकार देतात आणि मायक्रोस्कोपखाली मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. त्या कातडीने भोक बंद होतं. झायगोमा म्हणजे गालाचं हाड, त्यातले इम्प्लांट साध्या इम्प्लांटपेक्षा खूप लांब, ३० ते ५० मिमीचे, ते दात धरतील पण भोक काही बुजवणार नाहीत, म्हणजे वर ऑब्ट्युरेटर लागणारच, फक्त तो घट्ट बसेल. आणि म्युकरमध्ये गालाचं हाडही कधीकधी गेलेलं असतं, मग स्क्रू धरणार कशात? तेव्हा आधी हाड किती उरलंय ते बघा. शुगरवाल्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या खराब असू शकतात, म्हणून पायाची सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, करून घ्या. HbA1c, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ताब्यात नसेल तर कुठलाच सर्जन हात लावणार नाही, लावू पण नये. तोवर नवीन ऑब्ट्युरेटर करून घ्या ना, माप बदललं की सैल होणारच तो, त्यासाठी बांबोळीचं डेंटल कॉलेज आहे.

कदंबावाला:
खर्चाचं बघताय तर गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड काढलंय का? तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. पण ही प्रोसिजर त्यात बसते का ते ॲडमिट व्हायच्या आधी काउंटरवर लेखी विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो बाबा.

साखळीकर:
कार्ड आहे. भोक बुजण्याचा मुद्दा आम्हाला कोणी सांगितलाच नव्हता, बाबांना तेच तर हवंय, दातांचं ते बघून घेऊ म्हणतात. जुना सीटी २०२२ चा आहे, तो चालेल का? आणि बाबा दिवसाला दोन-तीन विड्या ओढतात अजून.

दातवाला_फोंडा:
सीटी नवीनच काढा, म्युकर परत कुठे आहे का तेही त्यातच दिसेल. आणि विडी आजपासून बंद, ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून नव्हे. जोडलेली रक्तवाहिनी धुराने आकसली तर सगळं हाड वाया.