मदत हवी आहे: गाडीतल्या इन्व्हर्टरला केबल ५० स्क्वेअर एमएमची की ७० ची?

मंडळी, जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन तिची राहती गाडी करतोय. सुतारकाम उरकलं, वायरिंगपाशी अडलोय.

१२ व्होल्ट, २०० एएचची लिथियम बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे आणि २००० वॅटचा इन्व्हर्टर मागे पलंगाखाली. मधे साडेचार मीटर. इलेक्ट्रिशियनने १६ स्क्वेअर एमएमची केबल ओढली. "घरच्या इन्व्हर्टरला याहून बारीक असते," म्हणाला.

मग गुहागरला गेलो. सकाळी इंडक्शन १२०० वर, पोह्यांचा कांदा परततोय, तेवढ्यात हिने चटणीसाठी मिक्सर लावला. इन्व्हर्टर टीं टीं करून बंद! परत लावलं, परत तेच. मीटर लावला तर लोड असताना बॅटरीवर १२.९ व्होल्ट आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर जेमतेम ११. बाकीचे वाटेतच गडप. केबल हाताला चांगलीच गरम. केबलच्या टोकाला जो धातूचा लग असतो, त्यावरची स्लीव्ह सोलली, तर लग क्रिम्परने दाबलेलाच नाही, हातोडीने चेपलाय.

माझा हिशोब असा: पूर्ण लोडवर इन्व्हर्टरची स्वतःची घट धरून साधारण १९० अँपिअर, जाऊन-येऊन ९ मीटर. ५० ची केबल टाकली तरी ०.६ व्होल्ट जाणार, ७० ची टाकली तर ०.४५. तांब्याचा भाव बघता पोटात गोळा येतो. ऑनलाइन स्वस्तात ५० ची दिसते, पण ती तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम निघाली.

केबल गाडीखालून नेली तर सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते. आतून न्यायची तर लाकूडकाम उचकटावं लागेल. एक मित्र म्हणतो, निगेटिव्ह चॅसिसवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) टाक, निम्मी केबल वाचेल. मन घेत नाही. काय करू? (फ्यूज सध्या नाहीच. ओरडा.)

प्रतिसाद १

ओरडतोच. फ्यूज बसेपर्यंत तो इन्व्हर्टर चालू करू नका.

आता केबल. दादा, जाड काय घेताय, इन्व्हर्टर उचलून बॅटरीशेजारी आणा! अंतर सव्वा मीटरवर आलं की ७० च्या केबलमध्ये ०.१५ व्होल्टही जात नाही. लांब पल्ला २३० व्होल्टच्या बाजूने न्या. तिथे २००० वॅटला ९ अँपिअरही लागत नाहीत, २.५ ची तीन कोअर फ्लेक्सिबल वायर भरपूर झाली. ती कंड्युटमधून आतूनच न्या, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. सुरुवातीलाच एमसीबी (ओव्हरलोडला पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडते ती) बसवा.

अस्सल तांब्याची वेल्डिंग केबल चालेल. तिच्या तारा बारीक असतात, गाडीच्या हादऱ्यांना टिकते. लग हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबून घ्या. निगेटिव्हही केबलनेच न्या, पॉझिटिव्हला लागून. फ्यूज २५० चा, क्लास टी, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. लिथियमचा शॉर्ट सर्किट करंट साध्या फ्यूजला तोडता येईलच असं नाही.

धागाकर्ता

धन्यवाद दादा. हे सुचलंच नव्हतं. सीटमागे बॅटरीशेजारी हिचा भांड्यांचा खोका आहे, तो हलवायची परवानगी काढतो. इन्व्हर्टरचा पंखा भिंतीकडे आला तर किती जागा मोकळी सोडू?

प्रतिसाद १

चार बोटं तरी. आणि समोर उशा कोंबू नका.