ऑडिटच्या हंगामात तंबोऱ्याची गवसणी निघत नाही, काय करू?

कृष्णाकाठ (10 ऑगस्ट 2025, रात्री 11.40)

मिरजेत माझी स्वतःची सीए प्रॅक्टिस आहे, यंदाचं बारावं वर्ष. ऑफिसात एक अकाउंटंट आणि दोन आर्टिकल मुलं (सीए होण्यासाठी हाताखाली शिकणारी). दरवर्षी 31 जुलैला साधी रिटर्न्स संपली की चार-पाच दिवस मोकळे मिळायचे, मग ऑडिटं. यंदा रिटर्नची मुदत 15 सप्टेंबर झाली तेव्हा हायसं वाटलं होतं. पण मुदत वाढली म्हणून लोकांनी कागद आणणंच लांबवलं आणि आता 15 सप्टेंबरची रिटर्न्स आणि 30 सप्टेंबरची टॅक्स ऑडिटं एकमेकांच्या उरावर बसली आहेत. महिन्याचं चक्र थांबत नाहीच: 7 ला टीडीएसचा (कापलेल्या कराचा) भरणा, 11 ला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी ही जीएसटीची विवरणपत्रं. यंदा 43 ऑडिटं आहेत, सहीपर्यंत आलेली सहा. 27 तारखेला गणपती बसतात.

काल राखीपौर्णिमा होती. भाऊ कोल्हापूरहून आला. एकला राखी बांधली आणि अडीचला मी पुन्हा ऑफिसात. तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला, तेव्हा फोनवरच निरोप घेतला. ते मनातून जात नाहीये.

घरात माझा तंबोरा आहे, 2011 मध्ये इथल्याच कारागिराकडून करून घेतलेला. 4 जुलैपासून त्याची गवसणी काढलेली नाही. अडचण नुसत्या वेळाची असती तर सोसलं असतं. पण आज दुपारी दोन तास खरंच रिकामे होते आणि मी काय केलं? पलंगावर पडून एका अशिलाचं एआयएस (आयकर खात्याकडचं त्याच्या व्यवहारांचं पत्रक) उघडून बघत बसले. तंबोरा काढावा असं वाटलं, पण जुळवायलाच पंधरा मिनिटं जाणार, तेवढ्यात एक लेजर बघून होईल, म्हणून नाही काढला. लेजरही नाही बघितलं. काम नाही, गाणं नाही, झोप नाही, दोन तास असेच गेले.

ज्यांच्या कामाला असा हंगाम असतो त्यांनी हे कसं बसवलं? वेळेचं नियोजन करा, एवढंच कृपया सांगू नका.

सोलापूरचा_जुना_करसल्लागार

ताई, 34 वर्षं हेच केलं. एका सीएला वर्षाला 60 टॅक्स ऑडिटांची मर्यादा आहे, ती नियमाची. शरीराची मर्यादा वेगळी असते. माझी 28 होती, आणि ती मला एका सप्टेंबरात चक्कर येऊन पडल्यावर कळली.

एक करा. उद्याच प्रत्येक अशिलाला लेखी कळवा: बँक स्टेटमेंट, स्टॉकची यादी, येणी-देणी 31 ऑगस्टपर्यंत आली तर 30 सप्टेंबरची जबाबदारी माझी, त्यानंतर आली तर काम होईल पण तारखेची हमी नाही. उशीर झाला तर दंड उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यांतला कमी असेल तो, आणि तो त्यांनाच बसतो, हेही लिहा. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही, कागद पोचला की माणूस हलतो. आज त्यांचा उशीर तुमच्या झोपेतून वसूल होतोय.

आणि किचकट फाइल आधी घ्या. अशिलानं लघुउद्योगांना द्यायची, 45 दिवसांहून जास्त थकलेली देणी शोधत बसायचं काम 28 सप्टेंबरच्या रात्री करू नये.

रातपाळी_लातूर

मी स्टाफ नर्स आहे. ताई, रात्री नऊला चहा घेत असाल तर तो आधी बंद करा. त्यातलं कॅफिन निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे दोन वाजता पाठ टेकली तरी ते अंगात आहेच. दुपारी गजर लावून वीस मिनिटं पडा. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं.

आमच्याकडे पहाटे तीन ते पाच या वेळात मी जोखमीच्या औषधाचा डोस एकटी कधीच भरत नाही, दुसरीला दाखवते. त्या वेळी डोळे उघडे असतात पण आकडा दिसत नाही. तुम्हीही रात्री दहानंतर सही करू नका. फाइल तयार ठेवा, सही आणि यूडीआयएन (सही केलेल्या कागदाचा नोंदणी क्रमांक) सकाळी.

एकतारी

फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावून गा की. जुळवायचा प्रश्नच नाही.

खर्ज

ॲप वाईट नाही, पण ताईंना हात लावायचाय, असं मला वाचताना वाटलं.

ताई, पावसाळ्यात महिनाभर गवसणीत बंद राहिला तर भोपळ्याला बुरशी धरते, मिरजेच्या माणसाला हे काय सांगायचं. आधी बाहेर काढा आणि दिवाळीपर्यंत गवसणी कपाटात ठेवून द्या. तंबोरा जाता-येता दिसेल असा उघडा असू दे, वर फक्त सुती कापड. पहाटे नुसता खर्ज, म्हणजे खालचा सा, लावा. बंदिश नको, ताना नकोत, पंधरा मिनिटांचा गजर. जुळवण्यातच पंधरा मिनिटं गेली तर तोच त्या दिवसाचा रियाज. माझ्या गुरुजींनी पहिलं वर्षभर मला जुळवणंच शिकवलं होतं, त्यामुळे ती वेळ वाया जाते असं मला कधी वाटलंच नाही.

कृष्णाकाठ (13 ऑगस्ट, सकाळी 7.10)

काका, 17 जणांना पत्र गेलं. दोघं रागावले, एकानं फाइल परत मागितली आणि मी दिली. देताना हात थरथरला, पण दिली. नर्सताई, नऊचा चहा बंद केलाय आणि कालपासून रात्रीची सहीही. काल रात्री झोप साडेअकराला लागली.

आज पहाटे गवसणी काढली. भोपळ्याला मागून पांढरी बुरशी होतीच, कोरड्या फडक्यानं पुसली. पंचमाची तार तुटलेली निघाली. जोडीच्या तारा जुळवल्या, त्यातच वीस मिनिटं गेली, गायले नाही. लेक उठून आली आणि न बोलता शेजारी बसली. तार बसवून घ्यायला दुकान साडेदहाला उघडतं. आज ऑफिसला अकराला पोचेन, आर्टिकल मुलांना तसं कळवलंय.