दाराची साखळी आणि समोरचा पडदा : टाळेबंदीत शहराच्या मध्यभागी एकटे राहिलेल्यांचे अनुभव

खिडकीपाशी

काल कपाटाचा खालचा खण रिकामा करताना एक चावी हाती लागली. तिला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे आणि चिकटपट्टीवर निळ्या शाईने ७०३ लिहिलेले आहे. ही चावी माझ्या घराची नव्हे. २०२० साली माझ्या समोरच्या सदनिकेत राहणाऱ्या काकूंची ती आहे आणि परत करायची राहून गेली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटले, तेव्हा मला त्या घरात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. शहराच्या मध्यभागात शेजारी कमी आणि गाळेधारक जास्त असतात. खाली बँका, वर कार्यालये, मधल्या काही मजल्यांवर आमच्यासारखे तुरळक भाडेकरू. कार्यालये बंद झाली आणि इमारतीतले दिवे एकेक करून मालवले. सातव्या मजल्यावर आम्ही दोघीच उरलो.

इमारत काटकोनात वळलेली असल्यामुळे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची खिडकी दिसे. आमचे ठरले ते इतकेच, की रोज सकाळी नऊच्या आत दोघींनी आपापला पडदा सरकवायचा आणि तो सरकला नाही, तर दुसरीने फोन करायचा. एकमेकींच्या चाव्या आम्ही पाकिटात घालून दारासमोर ठेवल्या आणि त्या उचलण्याआधी भक्तिभावाने पुसूनही घेतल्या.

मे महिन्यात एके दिवशी साडेनऊ वाजले तरी त्यांचा पडदा सरकला नाही. फोन केला, तर आत वाजणारी घंटा मला बंद दाराबाहेर ऐकू येत होती. चावी फिरवली, दार चार बोटे उघडले आणि साखळीला अडकून थांबले. इतके दिवस सगळी व्यवस्था चोख केल्याच्या आनंदात होतो आणि आतून लावलेली साखळी दोघींच्याही लक्षात आली नव्हती! तेवढ्यात आतून आवाज आला, "थांब गं, येते आहे, बसल्या बसल्या सरकत येते आहे." न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा घोटा सुजला होता आणि फोन पलंगावर राहिला होता. दारापर्यंतचे ते अंतर कापायला त्यांना किती वेळ लागला, ते मी घड्याळात पाहिले नाही. त्या फटीतून मी सारखी काहीबाही बोलत राहिले, एवढे आठवते.

त्या दिवसापासून आम्ही साखळी लावणे सोडले. न्हाणीघरात जाताना फोन बरोबर नेण्याची सवय मला अजून आहे. तुमच्यापैकी जे तेव्हा एकटे होते, त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

बारावा मजला

साखळीचे वाचून अंगावर काटा आला, कारण मी तर तिच्या जोडीला खुर्चीही लावून झोपत असे. चोर कुठून येणार होता, देव जाणे.

माझी आठवण आवाजांची आहे. रस्ता गप्प झाल्यावर मला लिफ्टचा आवाज ओळखता येऊ लागला. तळमजल्यावरून निघाल्यापासून मनात एकवीस अंक मोजले, की ती माझ्या मजल्यावर पोहोचे, आणि बहुतेक वेळा ती नऊ-दहालाच थांबे. एकविसावा अंक गाठला, की मी उठून दारापाशी जाऊन उभा राहत असे. पुढे वाचनात आले, की त्या काळात माणसांच्या हालचाली थांबल्यामुळे जमिनीची सूक्ष्म थरथरसुद्धा जगभरातील भूकंपमापन केंद्रांवर जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत घटलेली नोंदली गेली. म्हणजे ती शांतता हा केवळ माझ्या मनाचा खेळ नव्हता, हे कळून बरे वाटले.

निशिगंध

मी त्या दिवसांत घरात एकटी असतानाच आजारी पडले होते, त्यामुळे थोडे लांबणार आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मागवला होता आणि आकडा ९४च्या खाली गेला तर कळवा, असे डॉक्टरांनी फोनवर बजावले होते. मी दर चार तासांनी आकडे वहीत लिहीत असे. पाचव्या रात्री अडीच वाजता यंत्राने ८८ दाखवले. घर रिकामे, खाली रस्ता रिकामा, आणि आपण नेमके कुणाला उठवायचे, हे ठरवण्यातच काही मिनिटे गेली. शेवटी भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने आधी विचारले, "ताई, हात गार आहेत का? नखांना काही लावले आहेस का?" हात बर्फासारखे होते आणि कंटाळा घालवण्यासाठी संध्याकाळीच मी गडद निळे नेलपॉलिश लावले होते. गार बोटांनी आणि गडद रंगाने ते यंत्र फसू शकते, हे मला ठाऊक नव्हते. रंग पुसून, तळवे चोळून पुन्हा पाहिले, तर ९६. त्या रात्री भावाने कॉल बंदच केला नाही. मी झोपले तेव्हा फोनमधून त्याच्या घोरण्याचा आवाज येत होता आणि एरवी ज्याच्यावरून आम्ही भांडतो, तो आवाज मला फार गोड वाटला.

उंबरठा

निशिगंधताई, घोरण्याला गोड म्हणणारी व्यक्ती मी प्रथमच पाहिली. माझ्या पत्नीला तुमचा प्रतिसाद वाचायला देतो.

दुपारचा पाहुणा

येथे बहुतेकांनी भीतीविषयी लिहिले आहे, आणि ती मलाही होती, पण मला ते एकटेपण आवडले होते, हे सांगायला आजही संकोच वाटतो. माझी खरी काळजी नोकरीची होती. कार्यालय चालत सात मिनिटांवर आहे, एवढ्याच कारणासाठी मी त्या खुराड्याचे भरमसाट भाडे भरत होतो. कार्यालय बंद झाल्यावर ते खिडकीतून नुसते दिसत राहिले, आणि मी मात्र त्या सात मिनिटांचे भाडे दरमहा चुकते करत राहिलो. ऑगस्टमध्ये नोकरी गेल्याचे पत्र आले. ते वाचून मी सवयीने खिडकीकडे पाहिले, तर आमच्या कार्यालयाच्या मजल्यावर कुणीतरी एकच दिवा लावलेला होता. घरमालकांनी दोन महिने निम्मे भाडे घेतले, हे नमूद केलेच पाहिजे.

बारावा मजला

पाहुणे, संकोच कसला? मीही त्या दिवसांत आरशाशी वाद घालून जिंकत असे.

आणखी एक आठवले. विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडतो, असे प्रयोगशाळेतील निष्कर्ष तेव्हा सर्वत्र फिरत होते. मी आलेल्या प्रत्येक खोक्यावर मार्करने तारीख घालून ते दाराबाहेर विलगीकरणात ठेवत असे. दाढीचे यंत्र प्लॅस्टिकच्या वेष्टनात आल्यामुळे त्याला तीन दिवसांची शिक्षा झाली आणि तेवढे दिवस मी कार्यालयाच्या बैठकांना कॅमेरा बंद ठेवून बसलो. संसर्ग मुख्यतः हवेतून होतो, हे पुढे स्पष्ट झाले, तोवर माझ्या दाराबाहेर छोटे गोदाम झाले होते.

जुना वाचक

मी एकटा राहण्याचे धैर्य न दाखवता पहिल्याच आठवड्यात आईवडिलांकडे पळालो होतो, त्यामुळे येथे लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, याविषयी शंका आहे. पाच महिन्यांनी परतलो, तर दार उघडताच असह्य दुर्गंधी आली. शेजारी दगावला की काय, इथपर्यंत माझी मजल गेली. प्लंबरने फोनवरूनच निदान केले, की न्हाणीघराच्या जाळीखालच्या वळणात साठून राहणारे पाणी आटले आहे आणि गटाराची हवा सरळ घरात येते आहे. दोन तांबे पाणी ओतले, थोड्या वेळाने वास गेला. दीर्घकाळ घर बंद ठेवणाऱ्यांनी जाळीवर प्लॅस्टिक अंथरून जावे.

उंबरठा

इंग्लंडमध्ये १३ जून २०२०पासून एकट्या राहणाऱ्या प्रौढाला दुसऱ्या एका घराशी जोडून घेण्याची मुभा मिळाली होती. तिथे राहणारी माझी बहीण त्या दिवशी मैत्रिणीकडे गेली आणि दारातच तिला मिठी मारून बराच वेळ उभी राहिली. मिठी मारताना हात कुठे ठेवायचे तेच आठवेना, असे तिने मला सांगितले होते.

खिडकीपाशी, त्या चावीचे आता काय करणार आहात?

खिडकीपाशी

काकू २०२२ मध्ये मुलाकडे राहायला गेल्या आणि नव्या मालकांनी कुलूप बदलले, असे रखवालदाराकडून कळले. म्हणजे या चावीने आता काहीच उघडत नाही. काल रात्री काकूंना फोन केला, तर त्यांनी आधी पायाचे सांगितले (पावसाळ्यात घोटा अजून दुखतो) आणि मग म्हणाल्या, "तुझीही माझ्याकडेच आहे."

निशिगंध

मी सध्याही एकटीच राहते आणि समोरच्या इमारतीत एक आजोबा रोज खिडकीत बसलेले दिसतात. पडद्याची कल्पना फार आवडली, पण मुळात बोलणे कसे सुरू करावे? तुम्ही कसे केले होते?

खिडकीपाशी

मी माझा फोन नंबर कागदावर लिहून खिडकीच्या काचेला लावला होता. काकू बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिल्या, आत गेल्या, आणि मला वाटले की त्यांना ते आगाऊपणाचे वाटले असावे. थोड्या वेळाने त्यांनीही त्यांच्या काचेला एक कागद लावला. त्यावर लिहिले होते, "मोठ्या अक्षरात लिही, चष्मा सापडत नाही."