दोन्ही खुर्च्या भरलेल्या असूनही महिनाअखेरीस शिल्लक का राहत नाही?

प्रश्न

मी दंतवैद्य असून दोन खुर्च्यांचे स्वतःचे क्लिनिक चालवतो. अपॉइंटमेंटची वही बहुतेक दिवस भरलेली असते आणि रुग्णांच्या तक्रारीही फारशा नाहीत. तरीही भाडे, पगार, लॅबची (दातांच्या कॅप वगैरे बनवून देणाऱ्या प्रयोगशाळेची) बिले आणि यंत्रांच्या कर्जाचे हप्ते भागवल्यावर हाती जे उरते, ते दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये नोकरी करणाऱ्या दंतवैद्याच्या पगाराहून फारसे अधिक नसते. शिवाय सहायक टिकत नाहीत. एखादी कामात तयार झाली की सोडून जाते आणि पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. तिसरी खुर्ची घ्यावी, शुल्क वाढवावे, की सवलत जाहीर करून रुग्ण वाढवावेत, याचा निर्णय होत नाही. अनुभवी मंडळींनी आपले मत द्यावे.

उत्तर १ (दंतवैद्य, स्वतःचे क्लिनिक)

तिसऱ्या खुर्चीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वही भरलेली असली म्हणजे खुर्चीवर काम चालू असतेच असे नाही. समजा, दोन्ही खुर्च्या मिळून महिन्याला ३२० तास उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी २०० तासच रुग्णावर प्रत्यक्ष उपचार होतात. भाडे, पगार आणि हप्ते मात्र पूर्ण महिन्याचे द्यावे लागतात, त्यामुळे उपचाराच्या प्रत्येक तासावर पडणारा स्थिर खर्च आपण गृहीत धरतो त्याच्या १.६ पट होतो. उरलेले १२० तास नेमके कुठे जातात, हे दोन-तीन आठवडे सहायकाकडून साध्या कागदावर टिपून घ्यावे. न कळवता गैरहजर राहिलेले रुग्ण त्यात असतीलच. पण पंधरा मिनिटांच्या तपासणीला आणि दाढेच्या रूट कॅनालला सारखीच वेळ देणारी वहीही बरेच तास खाते, असे बहुधा दिसून येईल.

सवलतीबद्दल एवढेच सांगतो. शंभर रुपयांच्या कामात लॅब, साहित्य वगैरे थेट खर्च चाळीस असेल, तर साठ उरतात. पंधरा टक्के सवलत दिली की पंचेचाळीस उरतात, आणि पूर्वीइतकीच रक्कम हाती येण्यासाठी तेच काम एक तृतीयांशाने अधिक करावे लागते. एवढे जादा तास आपल्याकडे आहेत का?

उत्तर २ (क्लिनिक व्यवस्थापक)

सहायक का टिकत नाहीत, या प्रश्नावर वर कोणी बोलले नाही. माझ्या मते नफ्याचा प्रश्नही तिथेच अडकलेला आहे. दुपारच्या गर्दीत एकदा आपण स्वतः निर्जंतुकीकरणाच्या टेबलापाशी उभे राहून पाहावे. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १३४ अंश सेल्सिअसला प्रत्यक्ष निर्जंतुकीकरण तीन मिनिटांत होते हे खरे, परंतु तापणे, हवा व वाफ बाहेर काढणे आणि वाळणे धरून पूर्ण फेरीला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्याआधी उपकरणे धुणे, तपासणे आणि पाकिटात भरणे आलेच. हँडपीस (दात कोरण्याचे हातात धरायचे उपकरण) मोजकेच असतील, तर पुढचा रुग्ण खुर्चीवर बसलेला, डॉक्टर हातमोजे घालून थांबलेले आणि सहायक यंत्राच्या दारापाशी उभी, असे चित्र रोजचेच होते. मग रुग्णासमोर तिलाच बोलणी बसतात. वाळण्याची फेरी अर्धवट तोडून ओली पाकिटे बाहेर काढण्याचा मोह तिला होतो तो इथेच, आणि ओले पाकीट निर्जंतुक मानता येत नाही. उपकरणांचे संच आणि हँडपीस वाढवण्याचा खर्च तिसऱ्या खुर्चीच्या मानाने किरकोळ असतो. त्याने खुर्चीचे तासही वाचतात आणि माणसेही.

पगार बाजारभावापेक्षा कमी असेल तर तो अर्थातच आधी सुधारावा. त्यानंतर रोज सकाळी दहा मिनिटे सर्वांनी उभ्याउभ्या दिवसाची यादी पाहावी: कोणाची कॅप लॅबमधून आलेली नाही, कोणता रुग्ण रक्त पातळ होण्याची गोळी घेतो, कोणाची थकबाकी आहे. कॅप आलेली नसताना रुग्णाला बोलावल्याने जो तास वाया जातो, तो या दहा मिनिटांत सहज वाचतो. मात्र त्या बैठकीत आदल्या दिवशीच्या चुकांचा पाढा वाचू नये. ते एकांतात बोलावे.

उत्तर ३ (हिशेब सल्लागार)

हिशेबात एक गोष्ट तपासावी. आपण स्वतः रुग्ण तपासता, त्या कामाचा मोबदला पगार म्हणून आधी वेगळा काढावा आणि त्यानंतर उरेल त्यालाच क्लिनिकचा नफा म्हणावे. तसेच केलेल्या कामाचे बिल आणि प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम हे दोन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. हँडपीसचे वर्णन वाचून आमचेच क्लिनिक डोळ्यांसमोर आले. एक शंका आहे: सोबत काम करणाऱ्या दंतवैद्याला बिलाच्या टक्केवारीवर मानधन देतो आणि कॅपचे मासिक उद्दिष्ट ठरवून द्यावे असा विचार आहे. हे योग्य होईल का?

उत्तर १ (दंतवैद्य, स्वतःचे क्लिनिक)

कॅपचे उद्दिष्ट मुळीच ठरवू नये. उद्दिष्ट आले की भरावाने भागणाऱ्या दातालाही कॅप सुचवली जाते, आणि रुग्णाने दुसरीकडे सल्ला घेतला की ते उघडे पडते. टक्केवारी जमा झालेल्या रकमेवर आणि लॅबचा खर्च वजा करून द्यावी. पुन्हा कराव्या लागलेल्या कॅपचा भार कोणी उचलायचा, हेही लेखी ठरवावे. पुन्हा कराव्या लागणाऱ्या प्रत्येक कॅपचे कारण नोंदवत चला: दाताचे माप घेण्याचा लगदा पूर्ण घट्ट होण्याआधी त्याचा ट्रे तोंडातून काढला, हिरडीलगतची कड मापात उतरली नाही, रंग चुकला, की लॅबची चूक. लॅबने दुसऱ्या कॅपचे पैसे घेतले नाहीत तरी ती बसवण्याचा खुर्चीचा तास आपल्याच खात्यावर पडतो. शुल्कवाढीचा विचार ही नोंद आणि तासांचा कागद हाती आल्यावर करावा.